डावा तुकडा, उजवा तुकडा

नोटेचा कोपरा जरासा फाटला असला तरी आपली भाजीवाली ती उजेडात धरून बघते आणि परत हातात ठेवते, "दुसरी द्या ताई." फिनलंडमध्ये मात्र १९४५ साल सरता सरता सरकारनेच लोकांना सांगितलं, कात्री घ्या आणि नोटा मधोमध कापा!

नोटा होत्या मार्क्काच्या. मार्क्का सुरू झाला १८६०मध्ये. तेव्हा फिनलंडवर रशियाच्या झारची सत्ता होती, पण दुसऱ्या अलेक्झांडरने वेगळ्या चलनाला परवानगी दिली. चार मार्क्कांचा एक रूबल. देश स्वतंत्र झाला १९१७ला. पाकीट त्याच्या कितीतरी आधीच वेगळं झालेलं.

युद्ध संपलं तेव्हा सोव्हिएत युनियनला भरपाई द्यायची होती, बाजारात माल नव्हता, नोटा मात्र उदंड आणि महागाई चढतीच. म्हणून पाचशे, हजार आणि पाच हजारांच्या नोटांवर कात्री आली. डावा तुकडा काही आठवडे अर्ध्या किमतीला चालणार होता. उजवा म्हणजे सरकारला सक्तीने दिलेलं कर्ज, पुढे व्याजासकट परत मिळायचं. जेवणाच्या टेबलावर नोटांची चळत आणि कात्री घेऊन बसलेलं एखादं घर मला सारखं दिसतं. पहिली नोट कोण कापणार? कात्री वाकडी गेली तर? आमच्याकडे असतं तर आजीने सगळे उजवे तुकडे पिशवीत बांधून डब्याच्या तळाशी टाकले असते आणि सरकारच्या नावाने बोटं मोडली असती.

एवढं करून महागाई फारशी हटली नाहीच. बँकेतल्या ठेवींना हात लावला नव्हता आणि कुणकुण आधीच लागली होती. ज्यांना कळलं, त्यांनी नोटा बँकेत नेऊन टाकल्या. कात्री चालली ती घरात रोख ठेवणाऱ्यांवर. २०१६च्या रांगेत उभं राहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

शेवटी १९६३ला दोन शून्यं छाटली गेली, शंभर जुन्यांचा एक नवा मार्क्का. पुढे दहाच्या नोटेवर धावपटू पावो नुर्मी आला, शंभराच्या नोटेवर संगीतकार सिबेलियस. धावपटूला नोटेवर बसवणारा देश मला तरी आवडला. २००२मध्ये युरो आला, तेव्हाही फिनिश लोकांनी एक आणि दोन सेंटची चिल्लर वापरायचं टाळलं. दुकानात रोखीचा हिशोब पाच सेंटांच्या पटीत होतो. जुने मार्क्का बदलून घ्यायला मुदत होती २९ फेब्रुवारी २०१२पर्यंत. लीप वर्ष होतं म्हणून शेवटच्या क्षणी धावणाऱ्यांना एक दिवस जास्तीचा मिळाला.