एकाच भिंतीचे दोन रंग

कर्वेनगरमधल्या त्या फ्लॅटचं रंगकाम जूनमध्ये ठरलं आणि दसऱ्यानंतर सुरू झालं. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, त्यावर रंग चढवला की पापुद्रे सुटतात, म्हणून मध्ये थांबलो. काका-काकू दोघंही निवृत्त. हॉल पिस्ता, एक बेडरूम गुलाबी, दुसरी आकाशी. पॅसेजमध्ये उभं राहिलं की तिन्ही रंग एकदम अंगावर यायचे आणि आधीच बेताचं असलेलं घर तुकड्यातुकड्यांचं वाटायचं. मी सुचवलं, घरभर एकच फिकट, उबदार रंग लावू. भिंत कुठे संपते तिथे नजर अडत नाही, सागवानी दारं उठून दिसतात, आणि पुढे कुठे डाग पडला तर हात मारायला एकच डबा ठेवावा लागतो.

हा रंग दिसायला साधा, पण जमवायला अवघड. पांढऱ्या बेसमध्ये थोडं पिवळं ऑक्साइड, त्याहून कमी तांबडं आणि नावापुरतं काळं, एवढाच त्याचा ऐवज. पिवळं वाढलं की भिंतीला कस्टर्डची कळा येते, तांबडं वाढलं की ती गुलाबी मारते, काळं वाढलं की राखाडी. शेडकार्डावरच्या बोटभर पट्टीवर हे कळत नाही. म्हणून मी मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून घेते आणि तो पुठ्ठा खोलीखोलीत, सकाळी आणि दिवे लागल्यावर फिरवून पाहते. जुन्या रंगाच्या भिंतीवर नमुना लावणं मला पटत नाही. पिस्त्याशेजारी कुठलाही क्रीम तांबूस दिसतो.

जूनमध्ये काकांनी प्रत्येक क्रीम शेडला ‘पिवळाधमक’ म्हणून नकार दिला होता आणि कार्डातली सर्वांत करडी छटा निवडून मागे सहीसुद्धा केली होती. काकूंना सायीच्या रंगाची छटा हवी होती. दोन्हींचे नमुने पाहून मगच डबे आणू, असं ठरलं.

नमुने पाहायच्या दिवशी भिंतींना लांबी (पुट्टी) आणि प्रायमर लावून झाला होता. काकांनी आपल्या शेडचा पुठ्ठा पाहिला आणि त्यांचा आवाज चढला. “हा मी निवडलेला रंग नाही. हा निळसर आहे. दुकानदाराने तरी डबा बदललाय, नाहीतर यांनी काहीतरी मिसळलंय.”

आमच्या मिस्त्रींनी हातातला ब्रश खाली ठेवला. सोलापूरकडचे, अबोल गृहस्थ. रंगात भेसळ केली असं म्हणणं म्हणजे रंगाऱ्याच्या इमानावरच बोट ठेवणं. मी नमुन्याच्या डब्याच्या झाकणावरची चिठ्ठी वाचली: शेडचा नंबर, बेस, मशीनने सोडलेल्या टिंटचं, म्हणजे बेसमध्ये मिसळायच्या रंगाचं, माप, सगळं बिलाशी जुळत होतं. मग कार्ड काढून वाळलेल्या पुठ्ठ्याला लावलं. कडासुद्धा वेगळी दिसेना. काका म्हणाले, “कार्डही हे नव्हतंच.” मी ते उलटं केलं. मागे त्यांचीच सही.

तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, “ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना सगळंच निळं दिसतं हो. परवा बनियनला नीळ जास्त झाली म्हणून माझ्यावर चिडले. मी नीळ घातलीच नव्हती.”

श्रावणात काकांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डाव्याचं ऑपरेशन जानेवारीत व्हायचं होतं. मी म्हटलं, “काका, जरा उजवा डोळा झाकून बघा. आता डावा.” त्यांनी एकदा केलं, दोनदा केलं, मग खिडकीपाशी जाऊन पुन्हा केलं. डाव्या डोळ्याला तो पुठ्ठा जूनमधल्यासारखा मऊ पांढरा दिसत होता, उजव्याला निळसर करडा.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. हे इतक्या हळूहळू होतं की माणसाच्या लक्षात येत नाही. ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवलं की अडलेला निळा प्रकाश पुन्हा आत येतो. काका जूनमध्ये दोन पिवळ्या भिंगांतून शेड निवडत होते; त्यांना क्रीम पिवळाधमक वाटणारच.

मग प्रश्न आला तो कोणत्या डोळ्यासाठी घर रंगवायचं याचा. मला हे काम आवडतं ते अशा प्रश्नांमुळे. डावाही लवकरच बदलणार, म्हणून उजव्यावर भरवसा ठेवला आणि काकूंचा सायीचा पुठ्ठा घेऊन घरभर हिंडलो. पश्चिमेच्या हॉलमध्ये तो उन्हं कलताना छान तापला. उत्तरेच्या बेडरूममध्ये थोडा थंडावला, तरी राखाडी झाला नाही. स्वयंपाकघरात मात्र ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली अगदी मेला; हा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. तिथे शेड बदलायची नसते, दिवा बदलायचा असतो: ओट्यावर ४०००, बाकी घरात ३०००. छताला तीच शेड निम्म्या टिंटची, कारण पांढऱ्याशुभ्र छताखाली अशी भिंत मळकी दिसते.

डबे सांगायला मी फोन हातात घेतला, तेव्हा काका मिस्त्रींपाशी गेले. “तुम्हाला बोललो ते चुकलंच माझं.” मिस्त्री म्हणाले, “माझ्या वडिलांचंही एका डोळ्याचं झालंय. आज विचारतो त्यांना.” आणि त्यांनी पुन्हा ब्रश उचलला.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर, फेब्रुवारीत, मी घर पाहायला गेले. दोन्ही डोळ्यांना भिंत एकसारखी दिसत होती, पूर्वीच्या डाव्यापेक्षा पांढरी, पण निळी मुळीच नाही. काकांची तक्रार आता सोफ्याबद्दल होती. इतकी वर्षं ते कापड त्यांना काळं वाटत होतं, निघालं गडद निळं. बदलू का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, राहू द्या. या भिंतीपुढे तो काळ्यापेक्षा निळाच जास्त शोभतो.