नेरुळच्या काठावर पट्टा कधी घालायचा

आमची चिंगी गावठी कुत्री आहे आणि नवी मुंबईत नेरुळच्या खाडीकाठावर ती कायम पट्ट्यात असते. "सोडा की बिचारीला, इथे आहे कोण?" असं येणारे-जाणारे म्हणतात. इथे कोण असतं तेच आज लिहितेय.

ओहोटीला फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या चिखलात चरतात. भरतीला तो चिखल बुडाला की थवे विसाव्याला डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर, चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत येतात, सोबत तुतारी आणि चिखले हे छोटे पाणपक्षी. म्हणजे पक्षी आपल्या अगदी जवळ असतात ते भरतीलाच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. आपण कुत्री फिरवायला निघतो तीच वेळ!

मोकळं कुत्रं पक्षी पकडतं असं नाही. ते नुसतं धावतं. थवा उठतो, घिरट्या घालतो, टेकतो, पुन्हा उठतो. तुताऱ्यांना उन्हाळ्याच्या तोंडावर हजारो किलोमीटर उत्तरेला जायचं असतं. त्यासाठी अंगावर साठवलेली चरबी हीच त्यांची शिदोरी, आणि ती अशी फुकट संपते. खाडीतल्या अभयारण्याला २०१५ पासून संरक्षण आहे, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीतही गेलं. पण नेरुळची ही तळी त्या हद्दीबाहेर पडतात.

इंग्लंडमध्ये अनेक किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते, कारण तेव्हा माणसांची गर्दी. हिवाळ्यात मोकळीक. आपल्याकडे हे उलटं व्हायला हवं: पक्षी असतात तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर ते मे, पट्टा सक्तीचा, पावसाळ्यात थोडी सूट. (टिटवी मात्र उघड्या जमिनीवरच अंडी घालते, तेवढं सांभाळून.)

भटक्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. भटक्या कुत्र्यांसाठीच्या केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना होतं तिथेच परत सोडायचं असतं. मग त्यांच्या खाण्याची जागा तरी काठापासून लांब ठरवू या. तळ्याकाठी बिस्किटं टाकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तीच बिस्किटं सेक्टरच्या आत घाला.

सरसकट मनाई मला नको आहे. दहा मीटरचा लांब पट्टा मिळतो, चिंगी त्यात मनसोक्त हुंगत फिरते. महापालिकेने तळ्यापाशी एक फलक लावावा, त्यावर आठवड्याच्या भरतीच्या वेळा आणि पट्ट्याचा नियम लिहावा. नोव्हेंबर उजाडायच्या आत.