वसईच्या बिशपांची यादी जुळवताना

चर्चच्या स्मरणिकेत ‘आपले बिशप’ असं एक पान हवं होतं. वसई धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालचा भाग, झाला २२ मे १९९८ ला, आणि बिशप तीनच: थॉमस डाबरे, फेलिक्स मच्याडो, २०२४ पासून थॉमस डिसोजा. तासाभराचं काम वाटलं. पण इथली जुनी चर्चेस पोर्तुगीज काळातली, म्हणजे यादी मागे न्यायलाच हवी. सगळा घोळ तिथे.

मागे जाताना आधी नावं शोधायची नाहीत, वसई कोणाच्या अधिकाराखाली होती ते ठरवायचं. १८८६ पर्यंत मुख्यतः गोवा, मग १९२८ पर्यंत दमण, मग १९९८ पर्यंत मुंबई. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली म्हणून लोक तिथे रेघ मारतात, पण किल्ला गेला तरी चर्चवरचा गोव्याचा अधिकार त्याबरोबर गेला नाही.

चर्चची बाप्तिस्म्याची जुनी वही उघडली की नोंदीपेक्षा समासाकडे बघावं. पोर्तुगीज नोंद ‘आओस’ने सुरू होते, पुढे तारीख आणि ‘बाप्तिझेइ’, म्हणजे मी बाप्तिस्मा दिला; हे सगळं त्या फादरांचं. बिशप भेटीला आले की वही तपासून ‘व्हिस्तो’, म्हणजे पाहिलं, असं लिहून सही करत. ती सही, तारखेसकट, यादीसाठी सगळ्यात भरवशाची. शाईने खाल्लेला कागद दुमडीवर तुटतो, म्हणून वही पूर्ण सपाट करायची नाही; दोन्ही बाजूंना उशी देऊन, बाजूच्या उजेडात फोटो काढायचा. फ्लॅश मारला की फिकी अक्षरं उडतात.

सही सापडली म्हणजे बिशप सापडले असं मात्र नाही. डाबरे १९९० पासून मुंबईचे सहायक बिशप होते. १९९५ च्या दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरचा, बहुधा बिशप देतात तो संस्कार) वहीत त्यांचं नाव दिसलं तरी त्या वर्षी यादीत नाव येतं मुंबईचे आर्चबिशप सायमन पिमेंटा यांचं. थॉमस रॉबर्ट्स यांच्या काळात आणखी गंमत: कागदावर ते १९५० पर्यंत मुंबईचे आर्चबिशप, पण बरीच वर्षं भारताबाहेर, आणि १९४६ पासून सहायक बिशप व्हॅलेरियन ग्रेशस. पुढे आर्चबिशप आणि १९५३ साली पहिले भारतीय कार्डिनल झाले, ते हेच.

‘आर्चबिशप’ शब्द दोनदा फसवतो. दमणच्या बिशपांना क्रँगनोरचे (केरळातलं कोडुंगल्लूर) आर्चबिशप ही पदवी असायची, म्हणून त्या काळच्या वह्यांत आर्चबिशप दिसले की लोक त्यांना मुंबईच्या रांगेत बसवतात. मच्याडोंचंही तसंच. नाशिकचे बिशप असताना १० नोव्हेंबर २००९ ला त्यांची वसईला नेमणूक झाली, आणि आर्चबिशप ही पदवी व्यक्तिगत. त्यावरून एका जुन्या पुस्तिकेत चक्क ‘वसई महाधर्मप्रांत’ छापलंय. वसई हा मुंबई महाधर्मप्रांताच्या कक्षेतला साधा धर्मप्रांतच आहे.

इंटरनेटवर ‘बासेन’ हे वसईचं जुनं इंग्रजी नाव टाकून शोधलं तर आणखी एक खड्डा. म्यानमारमधल्या पाथेनचंही जुनं इंग्रजी नाव तेच, आणि तिथेही कॅथलिक धर्मप्रांत आहे. तिकडचे बिशप इकडच्या यादीत शिरू नयेत म्हणून ‘बासाईं’ (पोर्तुगीज नाव), ‘बासेन’, ‘वसई’ तिन्ही घालून बघायचं आणि गावाचं नाव जुळतंय का ते पाहायचं. १९९८ च्या कागदांत ठाणे जिल्हा असतो. तो तसाच ठेवायचा. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला.

प्रत्येक बिशपांच्या तारखाही तीन: नेमणूक, अभिषेक, पदग्रहण. कुठली छापतोय ते डोक्यावर लिहावं आणि सगळ्यांना तीच लावावी. आम्ही नेमणुकीची घेतली. डाबरे ८ एप्रिल २००९ ला पुण्याला नेमले गेले, मच्याडो नोव्हेंबरात, म्हणून मध्ये ‘गादी रिकामी’ अशी एक ओळ आली. छापखान्याने ती चूक समजून दोनदा काढली, दोनदा परत घालावी लागली.