तुम्ही विचारलंत म्हणून: आई-बाबांना पुन्हा क्रूझला का नेत नाही

सिडनीत कुणाचेही आईवडील भारतातून आले की, हळदीकुंकू असो वा वाढदिवस, हा प्रश्न येतोच. ‘त्यांना क्रूझला नेलंत की नाही?’ मी ‘बघू’ म्हणते. मग समोरून यादी सुरू होते: जेवणखाण तिकिटातच, सामान एकदा खोलीत टाकलं की उचलायचं नाही, वयस्कर माणसांना याहून सोयीचं काय! सगळं खरं आहे. आम्ही नेलंही होतं त्यांना. पुन्हा का नेत नाही, ते आता सविस्तरच लिहिते.

‘कुठली कंपनी होती?’ हा तुमचा पुढचा प्रश्न. नाव सांगून उपयोग नाही. खोली स्वच्छ होती, बाबांना शाकाहारी जेवण वेळेवर मिळत होतं, केबिन आवरणारा फिलिपिनो मुलगा रोज आईच्या गुडघ्याची चौकशी करायचा. जहाजात खोट नव्हती. त्रास झाला तो सहप्रवाशांचा, आणि तिकीट काढताना नेमकं तेच कळत नाही.

त्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागणार नव्हतं, त्यामुळे सगळी माणसं वरच्या डेकवर. पोहण्याच्या तलावाशेजारी भारतातून आलेला तीसेक पुरुषांचा ग्रुप होता, कुठल्याशा कंपनीने बक्षीस म्हणून पाठवलेला. सकाळपासून हातात ग्लास, स्पीकरवर गाणी, खुर्च्या ओढून वाट अडवलेली. इथपर्यंत मी सोडून दिलं असतं. सुट्टीवर आलेली माणसं थोडा आरडाओरडा करणारच. पण त्यातल्या दोघांनी फोन हॉट टबकडे धरले होते. आत सोळा-सतरा वर्षांच्या तीन मुली. त्या हनुवटीपर्यंत पाण्यात सरकल्या होत्या आणि बाहेर येता येत नव्हतं, कारण त्यांचे टॉवेल या लोकांच्या खुर्च्यांपलीकडे होते.

बाबा जवळच सावलीत बसले होते. मिरजेला शाळेत सगळा जन्म गेलेला माणूस. ते उठले, त्यांच्यापाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, ‘बेटा, फोन नीचे रखो. बच्चियाँ हैं.’ एकाने त्यांचा खांदा थोपटला. ‘अंकल, हमने भी पैसे भरे हैं.’ दुसऱ्याने फोन बाबांच्या तोंडासमोर धरला. सगळे हसले.

तेवढ्यात एका मुलीची आई सिक्युरिटीला घेऊन आली. त्या अधिकाऱ्याने एकेकाचं कार्ड मागायला सुरुवात केली आणि बाबांपुढेही हात केला. ‘आर यू विथ देम, सर?’ बाबांना उच्चार कळला नाही. त्यांनी खिशातून कार्ड काढून दिलं. मी पोहोचेपर्यंत त्यांचा खोली नंबर लिहून झाला होता. हे अडवायला गेले होते, असं मी सांगितल्यावर अधिकाऱ्याने लगेच माफी मागितली. त्या बाईंनी बाबांचा हात धरून आभार मानले. त्या अधिकाऱ्याला किंवा बाईंना मी दोष देत नाही. पण सिडनीला परत येईपर्यंत बाबा वरच्या डेकवर आले नाहीत. आमची केबिन आतली, बिनखिडकीची. तिथे बसून सुडोकू सोडवायचे आणि जेवायची वेळ झाली की विचारायचे, ‘ते लोक जेवून गेले का?’

तुम्ही म्हणता, एका ग्रुपवरून एवढं काय. एका ग्रुपपुरतं ते राहत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सिडनीहून निघालेल्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर भारतातल्या एका कंपनीची सुमारे १३०० माणसं होती. त्यांनी बुफे आणि तलाव व्यापल्याच्या, बायकांचं चित्रण केल्याच्या तक्रारी इथल्या टीव्हीवर गाजल्या. तेव्हा ऑफिसात मला विचारलं गेलं, तुमच्याकडे असंच चालतं का? मी तावातावाने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली ‘कार्निव्हल लेजंड’ची हकिकत पुढे केली होती. मेलबर्नहून निघालेली १० दिवसांची फेरी, मारामाऱ्या, आणि शेवटी वाटेत ईडन बंदराजवळ जहाज थांबवून एकाच गटातल्या २३ जणांना खाली उतरवलं. ते काही भारतीय नव्हते. उत्तर बिनतोड होतं, आजही मी तेच देईन. बाबांपुढे हात आला तेव्हा मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

पूर्वी मीच लोकांना सल्ले द्यायचे. तीन-चार रात्रींच्या स्वस्त फेऱ्या टाळा, तिथे प्यायलाच येतात. शाळांच्या सुट्ट्या टाळा. थोडे जास्त पैसे टाका, म्हणजे लोक बरे भेटतील. पण ‘लेजंड’ची फेरी १० दिवसांची होती आणि तेव्हा शाळा सुरू होत्या. राहिला पैशाचा मुद्दा, तर आमच्या जहाजावर बाल्कनीच्या खोल्या त्याच ग्रुपकडे होत्या. हॉटेलात शेजार वाईट निघाला तर बॅग उचलून दुसरीकडे जाता येतं. जहाजावर पुढचं बंदर येईपर्यंत जायचं कुठे?

म्हणून आता मी एजंटला एकच गोष्ट विचारते: त्या तारखेला मोठं ग्रुप बुकिंग आहे का? उत्तर ठरलेलं, ‘इतर ग्राहकांची माहिती देता येत नाही.’ मला कुणाची नावं नकोत. जहाजातली एक तृतीयांश माणसं एकाच कंपनीची असतील, तर तेवढं तरी पैसे भरण्याआधी कळायला नको?

आणि खरं सांगायचं तर मला फक्त ग्रुप आहे का एवढंच जाणून घ्यायचं नसतं. तो भारतातून येणारा आहे का, हेही मनात असतं. मग मी आणि तो कार्ड मागणारा अधिकारी यांच्यात फरक काय, असं मला माझ्या बहिणीने विचारलं. मी तिच्याशी फोनवर तासभर भांडले. फरक आहे, असं मला अजूनही वाटतं. तिला पटेल असा मला तो मांडता आलेला नाही.

आईला मात्र पुन्हा जायचंय. परतीच्या पहाटे जहाज हार्बरमध्ये शिरलं तेव्हा ती शाल गुंडाळून कठड्याशी उभी होती, ते ती मिरजेत सगळ्यांना सांगते. बाबा म्हणतात, ‘तुम्ही दोघी जाऊन या.’ डिसेंबरात दोघंही येतायत. मार्चमधल्या एका फेरीची मी चौकशी करून ठेवली आहे. ग्रुपबद्दल विचारलेल्या मेलला उत्तर आलेलं नाही, आणि ते आलं तरी बाबांना कसं तयार करायचं, हे मला ठाऊक नाही.