उजवा हात

दुपारी वॉशिंग मशीनमध्ये खडखड सुरू झाली. पँटच्या खिशात राहून गेलेलं जुनं, जाड पाच रुपयांचं नाणं. ९ ग्रॅम. वजन पाठ आहे, कारण हातचलाखीसाठी यासारखं नाणं पुन्हा झालं नाही. कडेच्या रेघा तळव्याला धरून राहतात. हल्ली गोखले रोडवर कोथिंबिरीच्या जुडीलाही आपण मोबाइल काढतो, त्यामुळे सराव पार सुटला.

कला मामाची. चरईतल्या त्याच्या घरी जेवणं झाली की सतरंजीवर बसून तो शिकवायचा. उजव्या हातातलं नाणं डाव्यात ठेवल्यासारखं करायचं, ठेवायचं नाही, आणि डाव्या मुठीकडे बघायचं. "नुसतं दाखवायला नाही, खरंच बघायचं. नाणं तिथे आहे असं तुलाच वाटलं नाही, तर समोरच्याला काय कपाळ वाटणार?" जादूगार म्हणजे जादूगाराचं काम करणारा नट, हे रोबेर-उदँ नावाचा फ्रेंच जादूगार १९व्या शतकातच सांगून गेला होता. मामाला त्याचं नावही माहीत नसावं.

गोची असते ती उजव्या हाताची. त्याच्या पोटात काही राहत नाही. लगेच ताठतो, ओलं मेंदीचं पान सांभाळल्यासारखा. ते मोडायला मी नाणं तळव्यात ठेवून तलावपाळीला चकरा मारायचो, त्याच हाताने भेळ खायचो. आरशासमोर सराव करावा, तर नेमक्या क्षणी आपलेच डोळे मिटतात! स्वतःची लबाडी स्वतःला बघवत नाही, दुसरं काय. जादूगार रघुवीरांसारख्यांना निदान रंगमंचाचं अंतर तरी होतं. इथे प्रेक्षकाचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागलेला, आणि छातीतली धडधड त्याला ऐकू जातेय असं वाटत राहतं.

मावस-मामे भावंडं फसायची. शेजारचे जोशीकाका तर दरवेळी फसायचे, आणि दरवेळी नाणं परत मागायचे. आई मात्र कधीच नाही. ती गवार मोडत बसलेली असायची. मी समोर बसून सगळं साग्रसंगीत करायचो, मुठीवर फुंकर वगैरे. ती मान वर न करता म्हणायची, "उजवा."

"पण तू बघितलंसुद्धा नाहीस!"

"बघायचंय काय त्यात?"

दोन वर्षांपूर्वी तिचे रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो. घरी आलो तेव्हा ती पलंगावर बसली होती. पाकीट घडी करून उजव्या हातात होतं, अंगामागे. डाव्या हाताने तिला पाण्याचा पेला दिला आणि म्हणालो, "सगळं व्यवस्थित आहे."

ती पेल्याकडे बघत राहिली. बराच वेळ, अगदी नीट, डाव्या हाताकडेच.