सोडलं म्हणजे बरा झाला ना?

‘दवाखान्यातून सोडलं म्हणजे माणूस बरा झाला. मग त्यानंतर तुम्ही त्याचं काय करता?’ मी बेघर रुग्णांसाठी काम करते, हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डॉक्टर रुग्णाला सोडतात तेव्हा त्याला खाटेवर ठेवून करण्यासारखं काही उरलेलं नसतं, इतकंच. ऑपरेशननंतरचे आठवडे, प्लास्टरमधला पाय, टीबीच्या सहसा सहा महिन्यांच्या गोळ्या हे सगळं पुढे घरी निभावायचं असतं. रस्त्यावर राहणाऱ्याच्या हातातल्या कागदावरही तेच लिहिलेलं असतं: विश्रांती घ्या, जखम कोरडी ठेवा, आठ दिवसांनी दाखवायला या. कुठे घ्यायची विश्रांती? रात्रीपुरते निवारे सकाळी रिकामे करावे लागतात. मग टाके घातलेलं पोट धरून माणूस दिवसभर चालत राहतो.

हृदयविकाराच्या रुग्णाचंच बघा. अंगात साठलेलं पाणी उतरावं म्हणून त्याला लघवी वाढवणारी गोळी देतात. ती घेतली की पुढचे काही तास सारखं उठावं लागतं. जवळ संडास नसेल, किंवा असून रात्री कुलूप असेल, तर तो गोळी घेणंच सोडतो. पुन्हा पाणी साठतं, धाप लागते, पुन्हा भरती. आणि केसपेपरवर शेरा पडतो, ‘रुग्ण औषधं नीट घेत नाही’. हा शेरा वाचला की मला अजूनही राग येतो. त्यातून सामान चोरीला जाऊ नये म्हणून कितीतरी जण भिंतीला टेकून, पाय खाली सोडून, बसल्या बसल्या झोपतात. अशा पायाची सूज उतरायची कशी? नडगीवरची जखम रोज धुऊन पट्टी बांधली तरी चिघळत राहते. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुपीला २ ते ८ अंशांचा गारवा लागतो. पण त्याहून मोठी अडचण जेवणाची. पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसताना इन्सुलिन टोचून घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

तर आम्ही काय करतो? दिवसाही झोपू देणारी खाट, रात्रीही उघडा संडास, औषधांना कुलूपबंद कपाट, वेळेवर जेवण आणि पट्टी बदलणारी नर्स. यात नवं काही नाही. अमेरिकेत बोस्टन आणि वॉशिंग्टनमध्ये १९८५ सालीच बेघर रुग्णांसाठी अशा खाटा सुरू झाल्या. तरीही बहुतेक ठिकाणी हे काम दयेपोटी चालतं. माझ्या मते तो उपचारांचाच भाग आहे आणि त्याचा खर्चही उपचारांच्याच हिशेबात धरायला हवा.

वॉर्डातल्या मंडळींकडे माझं एक मागणं असतं. ‘इथून कुठे जाणार?’ हे सोडायच्या दिवशी विचारू नका, भरती करताना विचारा. उत्तर आधी कळलं तर डॉक्टर दिवसातून तीनदा घ्यायच्या औषधाऐवजी एकदाच घ्यायचं औषध शोधू शकतात, लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ बदलू शकतात. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून, बेघर रुग्णाची माहिती त्याच्या संमतीने स्थानिक प्रशासनाला कळवणं रुग्णालयांना बंधनकारक आहे. चांगला नियम आहे. फक्त कळवल्याने खाट मिळत नाही, तिची सोय वेगळी करावी लागते.

लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘किती दिवस ठेवणार?’ जखम भरेपर्यंत, हे सोपं उत्तर. पण भरलेली जखम घेऊन तो पुन्हा त्याच फुटपाथवर गेला तर ती पुन्हा उघडू शकते. म्हणून तो आमच्याकडे आला की पहिल्या पट्टीबरोबरच ओळखपत्राचे आणि घराच्या अर्जाचे कागद काढायला घेतो. जखम अनेकदा आधी भरते आणि अर्ज मात्र अडकून पडतो. त्या मधल्या दिवसांत खाट रिकामी करायला सांगायचं नाही, यासाठी सध्या आमची सगळ्यात जास्त भांडणं चालू आहेत.