मॉरिशस शोध-नोंद : क्रमांक पक्का झाला, गाव अजून अडलंय

हाती घेतलेली वंशावळीची शाखा मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या एका करारबद्ध मजुराची आहे. मागच्या टप्प्यापर्यंत आडनावाच्या मागे धावण्यात बराच वेळ गेला. त्यातून एवढं ठरलं की मॉरिशसचा शोध नावावर नाही, इमिग्रंट क्रमांकावर, म्हणजे तिथे उतरताना प्रत्येक मजुराला दिलेल्या क्रमांकावर चालवायचा.

कारण साधं आहे. तिथे बापाचं पाळण्यातलं नाव मुलाचं आडनाव झालं. सखाराम नावाच्या माणसाचा मुलगा दाखल्यावर 'सखाराम' आडनावाने येतो, आणि इकडचं मूळ आडनाव बहुतेक वेळा जहाजावर चढण्याआधीच गळालेलं असतं. त्यामुळे तिथल्या आडनावावरून कोकणातली भावकी शोधू नये. त्यात दुसरी गुंतागुंत लग्नाची. धार्मिक विधीने झालेलं लग्न नागरी नोंदवहीत नसेल, तर मुलं आईच्या नावाने नोंदली गेलेली सापडतात. बापाच्या नावाने जन्म मिळाला नाही की लगेच आईच्या नावाने तेच साल पुन्हा पाहावं.

म्हणून क्रम असा ठेवला: हयात पिढीपासून मागे जात प्रत्येक पायरीचे जन्म, विवाह आणि मृत्यू असे तिन्ही दाखले काढायचे. तिकडे जन्मलेल्यांना स्वतःचा क्रमांक नसतो. जो स्वतः जहाजातून उतरला, त्याच्या विवाह किंवा मृत्यूच्या नोंदीत 'इंडियन इमिग्रंट' या शब्दांपुढे तो लिहिलेला सापडतो. मुलांच्या विवाहनोंदीत आईबापांच्या तपशिलातही कधीकधी येतो, म्हणून एकाच मुलावर थांबू नये, सगळ्या भावंडांचे दाखले काढावेत. या शाखेत मृत्यूनोंदीने काम केलं.

क्रमांक मिळाला तरी तो बरोबर वाचला गेलाय का, ही मोठी परीक्षा. फ्रेंच वळणाच्या हस्ताक्षरात एकाची वर जाणारी रेघ इतकी लांब असते की तो सात वाटतो. एक आकडा चुकला की वेगळ्याच जहाजातला वेगळाच माणूस पूर्वज म्हणून गळ्यात पडतो. पडताळा असा घ्यायचा: क्रमांक जहाज उतरेल तसे ओळीने दिले जात, त्यामुळे एका जहाजाच्या लोकांचा एक सलग गट बनतो. वाचलेला क्रमांक त्या गटाच्या बाहेर पडत असेल, किंवा दाखल्यातल्या वयाशी आगमनाचं साल अजिबात जुळत नसेल, तर वाचन चुकलंय. वयावर मात्र फार भिस्त नको. वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे कारकुनाने अंदाजाने टाकलेले आहेत; चार-पाच वर्षांचा फरक सोडून द्यावा. मायदेशी जाऊन परत आलेल्या माणसाला नवा क्रमांक पडलेला सापडतो, तेव्हा एकाच माणसाचे दोन क्रमांक म्हणजे चूकच असं नाही.

आगमनाच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आहेत. ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. मजुरांना उतरवून घेणारा तिथला डेपो 1849 मध्ये बांधायला घेतला, म्हणजे त्याआधीचे लोक तिथे त्या इमारती पाहूच शकले नाहीत. नोंदीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, तालुका, जिल्हा, जहाज, तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं हे रकाने येतात. सगळेच भरलेले असतील असं नाही. अंगावरची खूण नक्की उतरवून घ्यावी. पुढच्या वास्तव्याच्या कागदांत तीच खूण आली, तर एकाच नावाच्या दोघांत फरक करता येतो. 1867 च्या 31 क्रमांकाच्या अध्यादेशाने करार संपलेल्या 'जुन्या' मजुरांवर छायाचित्र लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास बाळगण्याची सक्ती आली. कायदा जाचक होता, पण त्याच्यामुळेच अनेक कुटुंबांना खापरपणजोबांचा चेहरा पाहायला मिळतो. तिकिटावर राहण्याचा जिल्हाही असतो, आणि मळा सोडल्यावर माणूस कुठे गेला हे तिथूनच कळतं.

आता अडलंय ते गावाच्या नावावर. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, काहींनी इंग्रजी वळणाने, काहींनी फ्रेंच. फ्रेंच वाचनात 'सीएच' म्हणजे श, आणि 'एच' मुकाच, त्यामुळे हरीचा 'आरी' होतो. ळ आणि ल एकच, ण आणि न एकच, ड कधी र. बुद्रुक-खुर्द तर हमखास गाळलेलं. शिवाय झोकदार लिपीत एन आणि यू सारखेच दिसतात. म्हणून एका नावाची दहा-बारा वाचनं कागदावर मांडून मगच नकाशा उघडावा.

तालुक्याचा रकाना इथे उपयोगी पडतो, पण तो आजचा तालुका नव्हे. रत्नागिरी जिल्ह्याची फेररचना 1868 मध्ये झाली. त्याआधीच्या कागदांत सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग ही नावं येतात: ढोबळमानाने दापोली-खेडचा भाग, गुहागर-चिपळूणचा भाग आणि राजापूर-देवगडचा भाग. सावंतवाडी तेव्हा वेगळं संस्थान. सिंधुदुर्ग जिल्हा तर 1981 चा, तो नोंदीत शोधूच नये. आणि गावाच्या रकान्यात नुसतं 'बॉम्बे' असेल तर ते बंदराचं नाव समजावं. माणूस कुठलाही असू शकतो.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे जहाजभाई, म्हणजे त्याच जहाजातून आलेले सोबती. आपल्या क्रमांकाच्या मागचे-पुढचे पन्नास क्रमांक काढून त्यांची गावं शेजारी मांडायची. भरती टोळीने होत असे. एकाच गावचे, एकाच वाडीचे चारपाच जण सलग क्रमांकांत सापडतात. आपल्या नोंदीतलं अस्पष्ट नाव शेजाऱ्याच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं असू शकतं.

गाव पक्कं झालं की इकडची बाजू उघडायची: तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, कोतवाल बुक (गावच्या कोतवालाची जन्म-मृत्यूची वही), खासरा पत्रक (शेतजमिनीची नोंद). या वह्या बहुतेक गावांत पूर्वज निघून गेल्यानंतरच्या आहेत, म्हणून तो स्वतः त्यांत मिळायचा नाही; मागे राहिलेले भाऊ-पुतणे शोधायचे. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत हवाच.

सध्या पन्नासपैकी मागच्या बाजूचे पंचवीस क्रमांक उतरवून झालेत, पुढचे बाकी आहेत.